खरा बीबा

काल लंडनच्या एका संग्रहालयात ब्रिटिश पॉप फॅशन आणि डिझाइनवरच्या ‘स्टडी डे’ला जाऊन आले. डोकं अजून तापलेलंच आहे. तिकिटात जेवण नाही, डबा उघडायला बंदी, आणि पडद्यावर साठच्या दशकातल्या गुबगुबीत खुर्च्या बघायच्या त्या कडक बाकावर बसून. तेही सोसलं असतं. शेजारच्या आजीबाई सोसेनात.

वय सत्तरीपार, पापण्यांवर काजळाचे थर, कानात प्लॅस्टिकची डेझीची फुलं. किंग्ज रोडवरचं फॅशन डिझायनर मेरी क्वांटचं ‘बझार’ हे दुकान १९५५मध्ये उघडलं, असं वक्ता सांगतोय तोवर ह्या म्हणाल्या, “मी तिथलीच!” हिशेबाने बाई तेव्हा दुपट्यात असणार. पडद्यावर ट्विगी आली, साठच्या दशकातली काटकुळी मॉडेल. “मी तिच्याहून बारीक होते.” मग ‘बीबा’ ह्या लंडनच्या फॅशन ब्रँडचा १९६४चा गुलाबी चौकड्यांचा झगा, ‘डेली मिरर’मधून टपालाने मागवायचा, किंमत पंचवीस शिलिंग. “माझ्याकडे दोन होते.”

तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या जांभळ्या खणाच्या कुर्त्याकडे गेलं. त्यांनी बाही सरळ चिमटीत धरली.

“बीबा ना?”

“नाही हो, पुण्याचा. लक्ष्मी रोड.”

“छे! हे बीबाचेच रंग.”

बीबा काढणाऱ्या बार्बरा हुलानिकीने ते काळपट जांभळे, विटकरी रंग आपल्या मावशीच्या जमान्यातून उचलले होते. तसं असेल तर आमच्या आजीची अख्खी ट्रंक बीबा होती. त्यातलं एक इरकल माझ्या चुलत बहिणीने परस्पर लांबवलं, पण तो विषय नको.

आजीबाईंनी मागच्या रांगेला वर्दी दिली, “हिने खरा बीबा घातलाय!” माना वळल्या. एका गृहस्थाने फोटो काढला. मग बाईंनी न विचारता माझी कॉलर उलटी केली.

“लेबल नाही!”

“शिंप्याने शिवलाय.”

“असं होय,” त्या समजूतदारपणे म्हणाल्या, “नक्कल मात्र झकास केलीय हं त्याने.”

आमचे सदूभाऊ शिंपी दिवाळीच्या ब्लाउजला संक्रांत उजाडवतात. ते कुठे लंडनची नक्कल करायला बसलेत!

खरा राग पुढेच आला. मिनीस्कर्टला क्वांटने इसिगोनिस ह्या डिझायनरच्या १९५९च्या मिनी गाडीचं नाव दिलं, हे वक्त्याने चवीचवीने सांगितलं. आणि ‘पूर्वेचा प्रभाव’? एक स्लाइड. नेहरू जाकीट, मणी, उदबत्ती, पुढे चला. प्रत्येक बुटीकवालीचं नाव, गाव, नवरा सगळं सांगून झालं होतं. विणणाऱ्या-छापणाऱ्यांपैकी एकाचंही नाव नाही. प्रभाव म्हणे आपोआप पडतो, पावसासारखा! प्रश्नोत्तरांत मी हात वर केला, तर माइक आजीबाईंकडे गेला. त्यांनी ट्विगीचं पुन्हा सांगितलं.

निघताना त्यांनी मला जिन्यात गाठलं. “विकणार का? वीस पाउंड देते.”

वीस! तिकीटच त्याहून महाग होतं.