वांगी, चिऊ आणि चातुर्मास

मृग लागला की खान्देशातल्या माणसाच्या हाताला खाज सुटते, मग शेत असो नसो. आमचं शेत अमळनेरकडे आहे पण ते काका बघतात, माझ्या वाट्याला जळगावच्या घरामागची दोन खाटांएवढी काळी माती. ठरवलं, भरिताची वांगी लावू. अरे, जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय आणि आपण वांगी पिशवी घेऊन बाजारातून आणतो, शोभतं का भो? नर्सरीतून वांग्या-मिरचीची रोपं आणली, मेथी आणि धने घरात होतेच, आणि चिऊ झोपलेली होती तोवर काम झकास चाललं होतं.

चिऊ अडीच वर्षांची. उठली आणि "मी कलते" म्हणत थेट वाफ्यात. आता धने आख्खे पेरत नाहीत, चपलेने हलके रगडून दोन डाळ्या करायच्या, मग पेरायचे. हे तिला करून दाखवलं. तिला ते इतकं पटलं की धने झाल्यावर तिने मिरचीची रोपं पण रगडली.

मेथीचं वेगळंच. "बी कुठे गेलं?" विचारलं तर बायको बोलून गेली, मातीत झोपलंय. झालं! आमच्या घरात चिऊ उठल्यावर दुसऱ्या कोणी झोपायचं नसतं, तोच कायदा मेथीला लागू. मेथी म्हणजे तीन-चार दिवसांत वर येणारं भाबडं पीक, पण रोज सकाळी कोणी पांघरूण ओढून "उठ ले" म्हणत असेल तर ती तरी काय करेल? एकदा तिने दोन दाणे तोंडात टाकले, असं काही तोंड वाकडं केलं, थू थू करून परत मातीत पुरले आणि वर थोपटलं.

पावसानंतर काळी माती पायाला अशी चिकटते की बूट घातल्यासारखी, आणि ते बूट चिऊने धुतले नाहीत, बैठकीतल्या चादरीला पुसले. (चादर सासूरवाडीची होती म्हणून हा विषय इथेच थांबवतो.)

वांगी मात्र तगली. श्रावणात जांभळी फुलं आली, मी फोटो काढून ग्रुपवर टाकले. नेमकं त्याच आठवड्यात आईने नातीला शिकवलं, फुलं देवबाप्पाला द्यायची. दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्यात बघतो तर बाळकृष्णापुढे माझं अख्खं भरीत! फूल गेलं म्हणजे वांगं गेलं, हे मी आईला समजावतोय आणि आई शांतपणे वात वळतेय. "जाऊ दे ना भाऊ, देवले पावनं. चातुर्मास शे, आते वांगं कोन खास?"

यावर काय बोलणार. आमच्याकडे चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवेपर्यंत वांगं बंद, म्हणजे शास्त्रानुसार चिऊचंच बरोबर.

चंपाषष्ठीला शेवटी बाजारातूनच वांगी आणली. हिरवी, तुकतुकीत, एकेक अर्ध्या किलोचं. चिऊने त्यातलं एक कवटाळलं आणि हट्ट धरला, हे झाडाचं आहे, झाडाला परत द्या. रडून घर डोक्यावर घेतलं. मग काय, सुतळी घेतली, देठाला गाठ मारली आणि वाळक्या फांदीला काठीचा टेकू देऊन वांगं लटकवलं. तेवढ्यात भिंतीवरून शेजारचे नाना डोकावले, बराच वेळ बघत राहिले.

"काय वांगं आलंय भो! बियाणं कुठलं?"

मी म्हटलं, देतो ना तुम्हाला पुढच्या वर्षी.