तलवार मिळाली तेव्हा मी काय कमावलं?

पाच महिने दर शनिवारी रात्री एका ऑनलाइन गेममध्ये आम्ही पंचवीस जण एकाच बॉसवर, म्हणजे बलाढ्य शत्रूवर, डोकं आपटत होतो. शेवटी तो पडला. लूटमध्ये ती तलवार निघाली, ती कोणाला मिळणार हे ठरवायला सगळ्यांनी रोल केला (शंभरपर्यंतचा आकडा येतो, सर्वात मोठा जिंकतो), माझा ९७ आला. माइकवर दोन सेकंद शांतता, आणि मग एकच कल्ला. दहा मिनिटांत एका अनोळखी खेळाडूचा मेसेज आला, "विकणार का? खरे पैसे देतो." मी नाही म्हणाले. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. ज्या वस्तूसाठी कुणीतरी रोख मोजायला तयार आहे ती माझ्या हाती पडली, म्हणजे माझं उत्पन्न झालं का? आणि झालं असेल, तर त्यावर कर लागायला हवा का?

माझं मत ठाम आहे. खेळातली वस्तू किंवा नाणी खेळाबाहेर येऊन खऱ्या पैशात बदलतील, तेव्हाच कर. त्याआधी छदामही नको.

हा प्रश्न आजचा नाही. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्ये एव्हरक्वेस्ट या ऑनलाइन गेममधल्या जगाचं दरडोई उत्पन्न काढलं होतं. खेळाडू लिलावाच्या साइटवर ज्या भावाने नाणी विकत होते त्यावरून हिशेब मांडला, तर आकडा रशिया आणि बल्गेरिया यांच्या मधे येऊन बसला. २००६ मध्ये अमेरिकी संसदेच्या संयुक्त आर्थिक समितीनेही या करांचा विषय अभ्यासाला घेतला.

समोरच्या बाजूचा मुद्दा हलका नाही, हे मला मान्य आहे. अमेरिकेत एका जोडप्याला विकत घेतलेल्या जुन्या पियानोत ४,४६७ डॉलर सापडले होते. कोर्टाने १९६९ मध्ये निकाल दिला, की सापडलेलं धन हेही उत्पन्नच. वस्तूंच्या अदलाबदलीवरही तिथे कर लागतो. मग बॉसने टाकलेली तलवार वेगळी कशी?

वेगळी अशी, की पियानोतली नोट खर्च करायला पियानो बनवणाऱ्याची परवानगी लागत नाही. माझी तलवार मुळात माझी नाहीच. बहुतेक गेमच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, की खेळाडूला फक्त वापरायचा परवाना आहे. कंपनी उद्या तिची ताकद निम्मी करू शकते, सर्व्हर बंद करू शकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेमच्या एका अपडेटने लाल दर्जाच्या पाच स्किन (शस्त्रांचे सजावटी वेश) देऊन त्याहून दुर्मिळ चाकू किंवा हातमोजे मिळवायची सोय केली. लोकांनी वर्षानुवर्षं जपलेल्या चाकूंचे भाव रातोरात कोसळले. आदल्या दिवशीच्या भावाने कुणी कर भरला असता, तर तो त्याने कोणाकडे परत मागायचा?

ईव्ह ऑनलाइन या अंतराळयुद्धाच्या गेममधली जानेवारी २०१४ ची बी-आर५आरबी या ठिकाणची लढाई घ्या. एका दिवसात ७० हून जास्त टायटन, म्हणजे खेळातली सर्वात मोठी जहाजं, जळाली. ही जहाजं बांधायला महिनेच्या महिने लागतात. नुकसान तीन लाख डॉलरच्या घरात गेल्याचा अंदाज तेव्हा दिला गेला. जहाज बांधून झालं त्याच दिवशी कर घ्यायचा, तर ते जळालं त्या दिवशी तोटा मान्य करायला हवा. एवढा हिशेब कोण ठेवणार आहे? खेळाडूही नाही आणि कर अधिकारीही नाही.

अमेरिकेच्या कर खात्याने तर हा घोळ स्वतःच अनुभवलाय. फोर्टनाइट गेममधलं चलन व्ही-बक्स आणि रोब्लॉक्स गेमची नाणी त्यांनी आपल्या वेबसाइटवर थेट बिटकॉइनच्या पंगतीत बसवली होती. त्याच सुमारास विवरणपत्रात आभासी चलनाचा प्रश्न आलेला, त्यामुळे गेममध्ये पोशाख घेणारेही बुचकळ्यात पडले. फेब्रुवारी २०२० मध्ये तो उल्लेख काढला आणि खेळातच राहणाऱ्या चलनाबद्दल काही कळवायची गरज नाही असा खुलासा केला. शिवाय व्ही-बक्स विकत घेताना बऱ्याच देशांत विक्रीवरचा कर आधीच भरलेला असतो. सेकंड लाइफ हे आभासी जग चालवणाऱ्या कंपनीने युरोपातल्या लोकांकडून २००७ पासूनच व्हॅट घ्यायला सुरुवात केली होती.

पण बाहेर पडणाऱ्या पैशाला मी सूट मागत नाहीये. सेकंड लाइफमध्ये जमिनी विकून कुणी लखपती झालं, तर तो धंदाच आहे. चीनने २००८ मध्ये खेळातल्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीतल्या नफ्यावर २० टक्के कर लावला, ती दिशा मला योग्य वाटते.

जीव तुटतो तो गोल्ड फार्मिंग करणाऱ्यांसाठी, म्हणजे खेळातलं सोनं जमवून ते विकणाऱ्यांसाठी. व्हेनेझुएलात चलन मातीमोल झालं तेव्हा तिथले लोक रूनस्केप या गेममध्ये दिवसभर तेच ते हिरवे ड्रॅगन मारत बसायचे, कारण त्या सोन्यातून किराणा येत होता. आपल्यातल्याच काही खेळाडूंनी त्यांना गेममध्ये हुडकून मारायच्या युक्त्या पोस्ट केल्या, ते वाचून तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. ते कष्टच आहेत. त्यांच्यासारख्यांना करमुक्त मर्यादा हवी, आणि नोंदी ठेवायची जबाबदारी सौदे जुळवणाऱ्या साइटवर टाकायला हवी. दुसरं असं, की बऱ्याच गेममध्ये अशी विक्री नियमाबाहेरची असते. उत्पन्न दाखवलं तर अकाउंट जाईल या भीतीने माणूस ते दाखवणारच नाही. म्हणून कर खात्याने ही माहिती गेम कंपनीला देता कामा नये, हे कायद्यातच लिहायला हवं.

आणि खर्च वजा व्हायलाच हवा. चीनच्या त्या नियमात मूळ किंमत सिद्ध करता आली नाही, तर ती कर खातं ठरवणार होतं. पाच महिन्यांच्या शनिवारांची पावती कोणाकडे असते? माझ्याकडे फक्त सबस्क्रिप्शनची बिलं आहेत. उद्या ती तलवार विकलीच, तर मिळालेली रक्कम मी विवरणपत्रात दाखवीन आणि ती पाच बिलं त्यातून वजा मागीन.