बर्फ पडत नाही म्हणून छप्पर नको?

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? मग छपराखाली पळायची थेरं कशाला?" घरच्या ग्रुपवर काकांनी हे टाकलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. विषय होता भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियममधलं इनडोअर ॲथलेटिक्स केंद्र आणि तिथली राष्ट्रीय इनडोअर स्पर्धा. आधी तालुक्याला धड मैदान द्या, असं आतेभावाने लिहिलं. मी उत्तर दिलं तर म्हणे, तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस.

शिकवत नाही. पण बर्फाचंच म्हणाल, तर २०१० साली जागतिक इनडोअर स्पर्धा दोहाला झाली. तिथे कोणता बर्फ पडतो? अमेरिकेची राष्ट्रीय इनडोअर स्पर्धा कित्येकदा न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला झाली आहे, उंचावरच्या, विरळ हवेच्या गावी. ख्रिश्चन कोलमनने २०१८ मध्ये तिथेच ६० मीटर ६.३४ सेकंदांत मारून जागतिक विक्रम केला. आणि बर्फ नसेल, पण आपल्याकडे पाऊस नाही का? नाशिकला जून उजाडला की मातीच्या ट्रॅकचा चिखल व्हायचा, उंच उडीच्या गाद्या भिजून जड व्हायच्या, आणि आम्ही दसऱ्यापर्यंत पायऱ्या चढण्या-उतरण्यालाच सराव म्हणायचो.

इथे अमेरिकेत, आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनहून गोथल्स ब्रिज ओलांडला की स्टेटन आयलंडवर ओशन ब्रीझ हे इनडोअर ॲथलेटिक्स संकुल. न्यूयॉर्क शहराच्या पार्क्स खात्याचं आहे ते. अमेरिकेची २०२५ ची राष्ट्रीय इनडोअर स्पर्धा तिथे झाली. दोनशे मीटरचा ट्रॅक, यंत्राने वर उचललेली वळणं. आतल्या लेनमधला धावपटू वळणावर इतका कलतो की खांदा जमिनीला टेकेल असं वाटतं. ६० मीटरवाले रेषा ओलांडून सरळ समोरच्या जाड गाद्यांवर जाऊन आदळतात. कोरड्या हवेने सगळ्यांना खोकला लागतो. अमेरिकन धावपटू जॉश होईने तेव्हा ८०० मीटर १:४३.२४ मध्ये मारून अमेरिकेचा विक्रम केला, तो इथेच. आणि त्याच ट्रॅकवर शाळेची पोरंही पळतात. माझी मुलगी शाळेच्या विंटर ट्रॅकला, म्हणजे हिवाळ्यातल्या छपराखालच्या शर्यतींना, आहे, तिचीही एखादी मीट तिथे असते.

मैदान आधी की छप्पर आधी, हा प्रश्न क्रिकेटच्या स्टेडियमला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. धावणाऱ्यांनीच तेवढी काटकसर का करायची? तालुक्याला मैदान हवंच, त्यावर माझा वाद नाही. पण ते मैदान झालेलं नाही हे कारण सांगून वरची पायरी काढून घ्यायची, ही आपली जुनी खोड आहे.

देवगाव रंगारीचा तेजस शिरसे भुवनेश्वरला सराव करतो आणि ६० मीटर अडथळ्यांचा राष्ट्रीय विक्रम करायला त्याला २०२५ मध्ये युरोप गाठावा लागला. गुलवीर सिंगने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच हजार मीटर १२ मिनिटे ५९.७७ सेकंदांत पूर्ण केले. १३ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय. कुठे? बॉस्टनच्या एका विद्यापीठाच्या इनडोअर ट्रॅकवर. ज्याला तिकीट, व्हिसा, परदेशी हिवाळ्याचा मुक्काम परवडतो त्यानेच वेळ सुधारायची, आणि देवळ्याच्या किंवा सुरगाण्याच्या पोराने पाऊस थांबायची वाट बघायची, हे काकांना मान्य आहे का?

होईच्या विक्रमाला सगळं सभागृह उभं राहिलं होतं. मीही टाळ्या वाजवल्या, पण अंगावर काटा आला नाही. गुलवीरचे आकडे फोनवर पाहिले तेव्हा मात्र मी स्वयंपाकघरात इतक्या जोरात ओरडलो की मुलगी धावत आली. तिला तो कोण हे ठाऊक नव्हतं. तिची माणसं होईच्या बाजूची आहेत, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. मला मात्र इथल्या सगळ्या सोयी वापरूनही ओरडायला आपलंच माणूस लागतं. म्हणून "तिकडे बसून" हे शब्द लागतात. मी इथे बसलोय, पण बाजू घेतोय ती तुमच्याच पोरांची.

आता पुढचं भांडण बालेवाडीसाठी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा भरवलेल्या त्या संकुलात २०० मीटरचा एक बंदिस्त ट्रॅक का होऊ नये, हे काकांनी बर्फाचं नाव न काढता सांगावं.