ताटावर एकदम बसायला काय होतं?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहिते. घरात माणसं सहा आणि रात्रीच्या जेवणाला धरबंध म्हणून नाही. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, साडेसातला ताट लागतं, कारण त्यावर गोळ्या घ्यायच्या असतात. ते मला मान्य आहे. पोरगी नऊला क्लासवरून येते. तिच्यावरही राग नाही, बारावीचं वर्ष आहे आणि लातूर पॅटर्नच्या नावाखाली इथली पोरं दिवेलागणीनंतरही क्लासमध्येच असतात. पण धाकटा आठला वेफर्स खाऊन बसतो आणि झोपायच्या वेळी भूक लागली म्हणतो. आणि नवरा दुकान बंद करून वेळेत घरी आलेला असला तरी मोबाईल घेऊन सोफ्यावर. "तू वाढ, आलोच." ते आलोच दहाला उगवतं. आणि प्रत्येकाला पाहिजे काय तर गरम, तव्यावरचं, घरचं!

वरणफळं करा म्हणतात. कुकर लावला की झालं असं ह्यांना वाटतं. मी दिवसभर काउंटरवर बसून सहाला घरात पाय ठेवते. तूरडाळ शिजवून घोटायची, लसणाची खमंग फोडणी, काळा मसाला, चिंच-गूळ. कणकेत हळद, तिखट, ओवा घालून घट्ट मळायची, पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि उकळत्या वरणात एकेक करून सोडायचे, नसता सगळ्याचा गोळा होतो. आणि शिजली की लगेच खायची असतात ती. गॅस बंद केला तरी फळं वरण पीत राहतात. आधी पळीनं ओतता येत होतं ते तासाभरात चमच्यानं खणावं लागतं. मग आधण घाला, उकळा, पांचट झालं म्हणून परत मीठ-तिखट. शेवटी आलेला माणूस वाटीत बघून विचारतो, "आज एवढं घट्ट कामून झालं?" अहो, तुम्ही तासभर उशिरा बसलात म्हणून झालं!

आमच्या निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डाळीचा मान झाला, चांगलंच झालं. ती रोज शिजवणारीसाठी घरातल्यांना वेळेवर ताटावर येणं जमत नाही.

भाकरीचं तर बोलूच नका. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे संध्याकाळीच मळून ठेवलं आणि लागेल तशी भाकरी टाकली, असं होत नाही. गरम पाण्यात भिजवायचं, एका भाकरीपुरतं पीठ घेऊन तळहातानं रगडून मऊ करायचं आणि लगेच थापायचं. जरा वेळ गेला की कडा फाटतात. पीठ जुनं होऊन त्याची विरी, म्हणजे असतो तेवढाही चिकटपणा, गेलेली असली तर मग हात टेकायचे. थापली, तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली, जाळावर फुगवली आणि ताटात वाढली, तर खाणारा फोनवर! तोवर पापुद्रा बसतो, भाकरी गार होते आणि स्वयंपाकघरात आवाज येतो, "एक गरम टाक ना." करून डब्यात ठेव, असा सल्लाही मिळतो. डब्यात भाकरीला घाम सुटतो, खालची तर गच्च ओली होते. हे ज्यांनी एकदाही परातीत हात घातला नाही त्यांना काय सांगायचं?

वर प्रत्येक पंगतीचं खरकटं वेगळं. २०१६ ला ह्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आमच्या गल्लीत आजही नळ रोज येत नाही. तरी चार वेळा ताटं, चार वेळा वाट्या, आणि तळाला लागलेलं पातेलं घासायला मीच.

सासूबाई म्हणतात, आम्ही नाही का केलं? केलंत आई. चुलीपुढं धूर खाऊन केलंत आणि सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवलात. तुम्हालाही कुणी विचारलं नाही. ते तेव्हाही चूक होतं. काल रात्री मी बसले तेव्हा पातेल्याच्या बुडाला लागलेला थर आणि फाटलेली पहिली भाकरी एवढंच उरलं होतं, आणि बाहेर टीव्ही चालू होता.

आता माझं ऐका. अण्णांचं आणि आईंचं ताट साडेसातला होईल, त्यात बदल नाही. बाकीची फळं मी कोरड्या पिठात घोळून कच्चीच ठेवणार. नऊला पोरगी पायातली चप्पल काढायला लागली की वरणाला उकळी आणणार, फळं सोडणार आणि शिजली की एकदाच वाढणार, माझं ताटही त्याच वेळी. पाणी, कांदा, तूप, लोणचं धाकट्यानं मांडायचं, त्याला हात आहेत. नऊनंतर ज्याला गरम भाकरी पाहिजे त्यानं परात ओढावी. पीठ डब्यात आहे, तवा शेगडीवरच असतो, थापा आणि खा.