सुटला की तुटला

गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकात एक वाक्य आहे: 'ब्लीडर स्क्रू सैल करा.' बस, चार शब्द. पुढच्या ओळीत लेखक नळी जोडायला लागतोसुद्धा. हा गृहस्थ रत्नागिरीत कधी राहिलेला नसणार. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात पावसाळ्यामागून पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीखाली त्याला एकदा आडवं करायला हवं होतं.

ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते तेल नव्हेच. ते हवेतलं पाणी पीत बसतं. डॉट ३ दर्जाचं ताजं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी प्यायलं की १४० पर्यंत खाली येतं. आंबा घाट उतरताना ते उकळलं तर पाय पेडलवर असतो आणि पेडल जमिनीवर. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. बदलायचं म्हणजे प्रत्येक चाकापाशी बसवलेल्या एका चिमुकल्या पोकळ स्क्रूतून जुनं बाहेर काढायचं. पुस्तकातला ब्लीडर स्क्रू तो हाच, मेकॅनिक लोक त्याला निपल म्हणतात. त्याच्या तोंडावर एक रबरी टोपी असते. ती पहिल्याच वर्षी कुठेतरी पडते. मग ज्या पाण्याला घालवण्यासाठी हा स्क्रू उघडायचा, तेच पाणी बाहेरून शिरून त्याला गंजवून टाकतं. आमच्या गाडीत डॅशबोर्ड खडखडतो, आरसा थरथरतो, डिकीचं दार नाचतं. हलावं अशी अपेक्षा फक्त या एकाकडून, तर हा ढिम्म.

मेव्हण्याने उत्साहाने रिंग पाना लावला. रिंग पान्याला आतून बारा कोपरे, स्क्रूला सहा. जोर लावला की पाना कोपऱ्यांवरून सरकतो आणि षटकोनाचा लाडू होतो. तो व्हायच्या आतच पार्किंगमध्ये आप्पा प्रकटले. आप्पा एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुपारी मोकळे.

"अरे, ओढतोस काय असा? बैल आहे काय तो? आठची सहा कोनी गोटी आण." गोटी म्हणजे स्क्रूच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा पाना.

मी डब्ल्यूडी-४० चा डबा पुढे केला. आप्पांनी तो तुच्छतेने बाजूला ठेवला. ते मूळचं पाणी हटवायचं औषध, चाळिसाव्या खटपटीत जमलं म्हणून नावात चाळीस. गंजात मुरायला दुसरं काहीतरी लागतं, असं त्यांचं मत. मग तारेचा ब्रश, गंज सोडवायचं तेल, आणि रात्रभर मुक्काम. मेव्हण्याने मध्येच स्क्रू तापवायला गॅसची बत्ती आणली, ती आप्पांनी हातातून काढून घेतली. एक तर आत रबरी सील, ते वितळणार. दुसरं म्हणजे त्याने नुकताच तिथे ब्रेक क्लीनर फवारला होता. काही क्लीनरमध्ये क्लोरीनची संयुगं असतात आणि ती तापली की फॉस्जीन होतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला वायू सोसायटीच्या पार्किंगमध्ये सोडला असता, तर सेक्रेटरींनी मेंटेनन्सच वाढवला असता.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी स्क्रूच्या डोक्यावर हातोडीने हलके टोले दिले. टिक, टिक, टिक. मग गोटी लावली आणि आधी चक्क आवळला. किंचितच. गंजाची पकड आधी कुठल्याही दिशेने मोडायची, म्हणाले, मग सोडायचं बघू. नंतर उलटं फिरवलं. 'कट्!'

तो आवाज ऐकून आम्ही तिघांनी श्वास रोखला. सुटला की तुटला, हे पहिल्या अर्ध्या सेकंदात ब्रह्मदेवालाही कळत नाही. दोन्हीचा आवाज तोच, हाताला जाणवणारा आनंदही तोच. मग बुडाशी एक ओली रेघ उमटली आणि कोऱ्या चहाच्या रंगाचा थेंब लोंबला. सुटला होता! सौ. पेडलवर बसलीच होती. "दाब... अजून दाब... धरून ठेव, हलू नकोस... आता सोड!" हे मी गाडीखालून ओरडत होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

"थांब," आप्पा म्हणाले. "तेल मग. आधी चारही सुटतात का बघ."

पुढचा दुसराही सुटला. मागचा उजवा कुरकुरत सुटला. मागच्या डाव्याने 'कट्' केलं आणि डोकं गोटीत राहून आमच्याकडे आलं. मेव्हणा ईझी-आउट, म्हणजे मोडक्या स्क्रूत रुतवून तो बाहेर काढायचा दांडा, आणायला निघाला, तर आप्पांनी त्याला शर्टाला धरून थांबवलं. तो कडक पोलादाचा असतो. आत मोडला की साधं ड्रिल त्याला चावतच नाही, आणि एका अडकलेल्याच्या जागी दोन अडकतात. त्यापेक्षा हा स्क्रू ज्यात बसतो तो अख्खा व्हील सिलिंडरच बदलावा.

हे मला एकदम पटलं. नवा भाग, नवा स्क्रू, टोपीसकट. मी लगेच दुकानात जाऊन सिलिंडर घेऊन आलो. तोवर आप्पा चाकामागे वाकून बॅटरीच्या उजेडात काहीतरी बघत होते. जुना सिलिंडर काढायचा तर त्याला आलेला ब्रेकचा पाइप आधी सोडवायला हवा. त्या पाइपाला एक नट असतो. दहाचा. त्यानेही तेच सगळे पावसाळे बघितले होते.

आप्पांनी मागे न बघता हात पुढे केला. "ब्रश."