सगळं कॉम्प्युटरवर तपासतात ना, मग उशीर कसला?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या एका काकांनी परवा एक मेसेज पाठवला, तुमच्याकडेही आला असेल. म्हणणं असं की चिप आता पूर्ण कॉम्प्युटरवर तपासून मगच बनवतात, पैसा आणि इंजिनिअर कंपन्यांकडे पोत्याने आहेत, ॲपल दर सप्टेंबरला नवी चिप देतं म्हणजे देतंच, तेव्हा जिची तारीख चुकते ती कंपनी शेअर चढवायला मुद्दाम खोटं बोलते. खाली काकांचं, "तू याच लाईनमधला ना रे, खरंय का?"

काका, चिप तपासणं हेच माझं काम आहे, त्यामुळे मी पहिल्याच वाक्यातल्या 'पूर्ण' या शब्दाला अडलो. 2 गिगाहर्ट्झची चिप सेकंदाला 2 अब्ज सायकल, म्हणजे तिच्या क्लॉकचे ठोके, मारते, आणि अख्ख्या मोठ्या चिपचं सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवरची नक्कल, सेकंदाला हजार सायकल चाललं तरी आम्ही खूष असतो. म्हणजे चिपचा एक सेकंद बघायला 23 दिवस! एम्युलेटर नावाचं महागडं मशीन लावलं तर तोच सेकंद अर्ध्या तासात होतो, पण ते मशीन सगळ्या टीमला मिळून एक, त्याच्या स्लॉटसाठी आमच्यात भांडणं. मग काय तपासायचं ते निवडावं लागतं, आणि जे निवडलं नाही तिथेच नेमकं काहीतरी बसलेलं असतं.

आमचंच सांगतो. टेप-आउट झालं, म्हणजे डिझाइन बनवायला कारखान्यात गेलं, पेढे वाटले, साडेतीन महिन्यांनी चिप लॅबमध्ये आली, पहिल्या दिवशी सगळं मस्त. दुसऱ्या आठवड्यात कळलं की स्लीप मोडमधून उठताना कधीतरी हँग होतेय, तेही गरम असेल तरच. हीट गन धरून सतरा-अठरा दिवस काढले तेव्हा सापडलं, एका क्लॉककडून दुसऱ्या क्लॉकवर जाणाऱ्या रिसेटच्या सिग्नलला ताल जुळवणारं सर्किट, म्हणजे सिंक्रोनायझरच नव्हता, सिम्युलेशनमध्ये दोन्ही क्लॉक इतके शहाण्यासारखे वागायचे की ते कधी दिसलंच नाही. नशिबाने अशा वेळेसाठी चिपमध्ये स्पेअर गेट, म्हणजे जादा सर्किटं, ठेवलेली होती म्हणून वरचे मेटल लेयर बदलून भागलं, चिपच्या पहिल्या आवृत्तीची, ए झिरोची, ए वन झाली, तरी चार महिने गेलेच.

आणि हे काही आमच्यासारख्यांचंच नाही हो. एनव्हिडियाची ब्लॅकवेल घ्या, 2024 च्या मार्चमध्ये वाजतगाजत जाहीर केली, चिप चालत होती पण डिझाइनमधल्या दोषामुळे यील्ड, म्हणजे शंभरातल्या चांगल्या निघणाऱ्या चिप, कमी, मग मास्क, म्हणजे चिपची नक्षी छापायचा साचा, बदलावा लागला. कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग नंतर सरळ म्हणाले की चूक शंभर टक्के आमची. इंटेलचं 2011 चं तर उलटंच, सँडी ब्रिज हा प्रोसेसर जानेवारीत वेळेवर आलं आणि त्याच महिन्याच्या शेवटी सोबतच्या चिपसेटची शिपमेंट थांबवावी लागली, कारण हार्ड डिस्क जोडायचे काही साटा पोर्ट वापरता वापरता कमजोर होऊ शकत होते. नव्या चिपवर ते कळणार कसं?

माणसं वाढवायचं म्हणाल तर तपासायला वाढवता येतात थोडी. पण वेफर, म्हणजे जिच्यावर चिप बनतात ती सिलिकॉनची चकती, एकदा फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात, गेला की लोणच्याच्या बरणीभोवती चार माणसं जास्त उभी करण्यासारखं आहे, मुरायचा तेवढा वेळ ते घेणारच.

ॲपलचा मुद्दा मात्र बऱ्यापैकी बिनतोड वाटतो, मलाही वाटायचा. पण जरा बघा, ॲपल चिप जाहीर कधी करतं? जवळपास फोनसोबतच, म्हणजे चिप लाखांनी बनायला लागल्यावर. चिपमधला एखादा भाग वेळेत बसत नसेल तर गुपचूप पुढच्या वर्षीवर ढकलता येतो, कुणाला पत्ताही लागत नाही. सर्व्हरची चिप विकणाऱ्याला ती चैन नसते, बोर्ड बनवणाऱ्यांना दोन-दोन वर्षं आधी सांगावं लागतं, म्हणजे पहिली बनलेली चिप हातात यायच्या आधीच तारीख बाहेर. त्या तारखेत एक रिस्पिन, म्हणजे चूक सुधारून चिप परत बनवायची फेरी, धरलेला असेल तर ती पाळता येते, आणि माझ्या मते सगळं भांडण याच एका गोष्टीचं आहे. मार्केटिंगवाले तो रिस्पिन सगळ्यात आधी कापतात.

(आधीची पिढी वेळेत करायची असंही मेसेजमध्ये होतं. आपल्या सी-डॅकचा 1991 चा परम 8000 सुपरकॉम्प्युटर ज्या ट्रान्सप्युटर नावाच्या चिपवर चालला त्याची पुढची आवृत्ती टी 9000 इतकी रखडली की तिचं मार्केटच हातचं गेलं.)

राहिलं खोटं बोलण्याचं. कुणीच बोलत नाही असं मी म्हणणार नाही काका. इंटेलने 2015 च्या जुलैत सांगितलं की 10 नॅनोमीटर ही चिप बनवायची नवी प्रोसेस आता 2017 च्या उत्तरार्धात, आणि 2018 च्या मे महिन्यात दिसला तो दोन कोरचा एक आय थ्री प्रोसेसर, तोही ग्राफिक्स बंद केलेला, बाकी खरा माल 2019 मध्ये. प्रोसेस अडकली ही अडचण खरी होती, त्यावर मी कुणाला दोष देणार नाही. पण तेवढ्या एका आय थ्रीच्या जोरावर "10 नॅनोमीटर शिप झालं" म्हणायचं, त्याला तुम्ही थाप म्हणालात तर मी काही वाद घालणार नाही.