‘मखमली पानाला ऊन हवे, पाणी नको’ : एका व्हायरल मजकुराचा प्रतिवाद

गेल्या उन्हाळ्यापासून जत, आटपाडी, माण आणि खटाव या भागांतल्या बागकामाच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतो आहे. त्याचा विषय आहे कलांचो बेहारेन्सिस, म्हणजे हाताच्या पंजाएवढ्या नव्हे तर चांगल्या ताटाएवढ्या जाड, मखमली पानांचे झुडूप, ज्याला रोपवाटिकेत बहुधा ‘वेल्व्हेट’ म्हणूनच मागितले जाते. मजकुराचा सारांश असा : हे वाळवंटातले झाड आहे, म्हणून आपल्या दुष्काळी पट्ट्यात ते भर उन्हात लावावे, उन्हाळाभर पाणी देऊ नये, ते रात्री ऑक्सिजन सोडते, त्याच्या पानापासून आठवड्यात नवे रोप होते, ते पानफुटीच असल्यामुळे मुतखड्यावर त्याचे पान चालते, आणि जनावरे त्याला तोंड लावत नसल्याने कुंपणालाही ते उत्तम. जतमध्ये माझ्या अंगणात हे झुडूप सहा वर्षे आहे. या मजकुरावर विसंबून लोकांची रोपे मरताना मी पाहिली आहेत, आणि शेवटचे दोन दावे तर माणसाच्या व जनावराच्या जिवाशी खेळणारे आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मूळ चूक ‘वाळवंटातले झाड’ या शब्दांतच आहे. हे झुडूप मादागास्कर बेटाच्या दक्षिण आणि नैर्ऋत्य भागातल्या काटेरी, विरळ वनातले असून १९०३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, आणि तिथल्या बेहारा या गावावरून त्याला नाव मिळाले. तो प्रदेश कोरडा आहे यात वाद नाही, परंतु तिथे उन्हाळा आणि पावसाळा एकाच वेळी, साधारण नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत येतात. म्हणजे सर्वांत कडक उष्म्याच्या दिवसांतच झाडाच्या मुळांना ओल मिळते. आपल्याकडे नेमके उलटे आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा जमीन ठणठणीत असते, आणि या पट्ट्यातला खरा पाऊस बरेचदा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परतीच्या वाटेवर पडतो. ज्या झाडाला ऊन आणि पाणी जोडीने मिळण्याची सवय आहे, त्याला आपण नुसते ऊन देऊन ‘हे तर वाळवंटातले’ म्हणतो, हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता उन्हाविषयी. पानावरची लव प्रकाश परतवते, त्यामुळे काही संरक्षण मिळते, हे खरे. पण त्या लवेखाली काय घडते ते मजकूर लिहिणाऱ्याने विचारात घेतलेले नाही. कडुनिंबाचे पान दुपारी बाष्प सोडते आणि त्यामुळे थोडे थंड राहते. कलांचो मात्र पाणी वाचवण्यासाठी दिवसा आपली पर्णरंध्रे मिटून घेते, म्हणून त्याच्या पानाला घाम येत नाही आणि ते भोवतालच्या हवेपेक्षाही तापू शकते. माझे पहिले रोप मी पश्चिमेकडच्या भिंतीशी लावले होते. शेडनेटखाली वाढलेले ते रोप एप्रिलमध्ये एकदम उघड्या उन्हात आले आणि आठ दिवसांत वरच्या पानांवर खाकी रंगाचे, कागदासारखे कोरडे चट्टे पडले. बोटाने दाबले तर तिथली लव चुरा होऊन निघत होती. असे चट्टे पुन्हा भरून येत नाहीत. आटपाडीच्या डाळिंब बागायतदाराला हे वेगळे सांगायला नको, कारण उन्हाने करपलेले फळ त्याने दरवर्षी पाहिलेले असते. दुसरे रोप मी पूर्वेच्या बाजूला, शेवग्याच्या विरळ सावलीत लावले. त्याला सकाळचे ऊन पुरेपूर मिळते आणि बारा ते चार सावली असते. तेच आज माझ्या खांद्याला लागले आहे. पत्र्याच्या शेडजवळ किंवा काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मात्र सावली असूनही ते टिकणार नाही, कारण तिथे मुळेच शिजतात.

ज्यांना खरोखरच्या वाळवंटाचा दाखला हवा आहे त्यांनी अमेरिकेतल्या फीनिक्स शहराकडे पाहावे. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस तापमान ४३ अंशांच्या वर होते, आणि त्या काळात तिथले स्वतःचे साग्वारो निवडुंगही कोसळल्याच्या बातम्या आल्या. जिथे वाळवंटाची मूळ झाडे अशी खचतात, तिथे मादागास्करच्या पाहुण्याने भर दुपारी उघड्यावर तग धरावा ही अपेक्षा गैर आहे.

‘उन्हाळाभर पाणी नको’ हा सल्ला सर्वांत जास्त रोपे मारतो, आणि तोही फसव्या रीतीने. दोन महिने कोरड्या राहिलेल्या मातीत बारीक मुळ्या सुकून मरतात, पाने कडेने वळून खाली लोंबतात, मग मालक घाबरून बादलीभर पाणी ओततो आणि मेलेल्या मुळ्या कुजू लागतात. लोक म्हणतात, ‘बघा, पाण्याने मेले.’ ते आधीच्या तहानेने मेलेले असते. जमिनीत रुजलेल्या झुडपाला मी एप्रिल-मेमध्ये दहा-बारा दिवसांनी एकदा, सूर्य उतरल्यावर, आळे भरून पाणी देतो आणि पुढच्या पाण्यापर्यंत माती सुकू देतो. उलट परतीच्या पावसात त्याला पाण्यापासून वाचवावे लागते. काळ्या मातीत हे झाड लावूच नये. दोन भाग मुरूम आणि एक भाग माती घेऊन हातभर उंच केलेल्या वाफ्यात लावले तर निचरा होतो. थंडीत झाकून ठेवण्याची सूचना गोठवणाऱ्या प्रदेशांसाठी आहे, आपल्याला तिची गरज नाही.

रात्रीच्या ऑक्सिजनचा दावा थोडक्यात निकालात काढता येतो. हे झाड रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि आम्लाच्या रूपात साठवते. ऑक्सिजन मात्र प्रकाशातच तयार होतो. याचा पुरावा तोंडाने चाखला गेला तो भारतातच, आणि तोही आपल्या पानफुटीवर : वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी १८१५ मध्ये छापलेल्या पत्रात नोंदवले की तिची पाने सकाळी आंबट लागतात आणि दिवस चढेल तशी ती चव जाते. रात्री साठलेले आम्ल दिवसा वापरले जाते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

त्या पत्रातली ती चव वाचून कोणी मखमली पान चावू नये. हे झाड पानफुटीच्या कुळातले आहे, पण पानफुटी नव्हे, आणि कलांचोंच्या अनेक जातींत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी विषद्रव्ये असतात. पानफुटीही त्याला अपवाद नाही. मुतखड्याचा त्रास असेल तर सोनोग्राफी करून डॉक्टरांना विचारावे. ऑस्ट्रेलियात या गटातल्या वनस्पती खाऊन गुरे दगावल्याच्या नोंदी आहेत, आणि फुलांत विष अधिक असते. चारा मुबलक असेल तेव्हा जनावर कदाचित त्याला टाळेल, पण मेमध्ये भुकेलेली माडग्याळी मेंढी किंवा गोठ्यातून सुटलेला खिल्लार खोंड निवड करत बसत नाही. म्हणून कुंपणाला, गोठ्याजवळ किंवा मेंढरांच्या वाटेवर हे झुडूप लावू नये, आणि छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर उघड्या टाकू नयेत.

त्या मजकुरातले एकच वाक्य बरोबर आहे : पानापासून नवे रोप होते. फक्त ‘आठवड्यात’ हा शब्द काढून टाकावा. मी फेब्रुवारीत गळालेले एक पान चार दिवस सावलीत सुकवून, त्याच्या जाड शिरांना ब्लेडने चीर देऊन कोरड्या मुरमावर ठेवले. दीड महिना काहीच दिसले नाही. मग देठाच्या टोकाशी तांबूस लवेची, तांदळाच्या दाण्याएवढी दोन पाने उगवली, आणि जुने पान स्वतः सुरकुतत त्यांना महिनोन्‌महिने पोसत राहिले.